टूकानचं शेपूट

झेइदीच्या हातून स्क्रू कधी वाकडा गेला नव्हता, पण कागदाचा कंदील तिला आयुष्यात एकदाही धड जमला नव्हता. आणि अलाहुएला गावात आई म्हणून राहायचं तर स्क्रूपेक्षा कंदील जमणं जास्त गरजेचं. चौदा सप्टेंबरच्या, म्हणजे स्वातंत्र्यदिनाच्या आदल्या संध्याकाळी सहा वाजले की देशभर माणसं असतील तिथे उभी राहून राष्ट्रगीत म्हणतात, आणि मग पोरंसोरं घरी केलेले कंदील काठीला लावून रस्त्यानं निघतात. कंदील मुलांनी स्वतः करायचा असतो, असं शाळेत दरवर्षी बजावून सांगतात. ते कुणी मनावर घेत नाही. कंदील आयाच करतात, आणि मग रस्त्याच्या कडेला उभ्या राहून एकमेकींचे कंदील निरखतात.

गेल्या वर्षीचा झेइदीचा कंदील म्हणजे बुटांचं खोकं, त्याला चारी बाजूंनी पतंगी कागद आणि आत मेणबत्ती. चर्चच्या कोपऱ्यापर्यंत तो कसाबसा आला. तिथे पावसानं गाठलं, खोक्याचा लगदा झाला, आणि तिची पोर केइलिन उरलेली सगळी मिरवणूक नुसती काठी धरून चालली. ती रडली असती तर बरं झालं असतं. पण केइलिन रडणाऱ्यांतली नव्हे. घरी आली, काठी दाराआड नीट उभी करून ठेवली आणि मुकाट्यानं जेवायला बसली. ती काठी अजून तिथेच होती, आणि येता-जाता झेइदीच्या डोळ्यांत खुपत होती.

यंदा सप्टेंबर लागल्या लागल्या केइलिननं विषय काढला.

"आई, या वेळी ग्रेत्तेल आत्याला सांगू कंदील करायला?"

झेइदीचा हात तव्यावरच थांबला. "का गं? मी करते की."

"नको. तू केलेलं मोडतं."

"मोडतं? अगं बाई, मी दिवसभर काय मोडकी यंत्रं जोडत असते? दवाखान्यात जातात ती! आजारी माणसांच्या कमरेला बांधतात, औषध थेंबाथेंबानं आत सोडतात."

"आणि ती चालतात?"

"चालतात म्हणजे? चालत असणारच!"

"तू बघितलंयस?"

आता आली का पंचाईत! आठ वर्षांच्या पोरीनं आईला बरोबर पकडलं. कारण झेइदीनं खरंच बघितलं नव्हतं.

कारखान्यात तिची जागा मधली. डोक्याला टोपी, तोंडाला मास्क, अंगात पायघोळ झगा, हातांत मोजे. नखांना रंग नाही, गालाला पावडर नाही, कानांत काही नाही. त्या पांढऱ्याशुभ्र खोलीत माणसं एकमेकांना नुसत्या डोळ्यांवरून ओळखायची. ग्रेइविन नावाचा चोवीस वर्षांचा, सतत काहीतरी बडबडणारा पोरगा तारांना डाख द्यायचा आणि औषधाचा पंप तिच्याकडे सरकवायचा. झेइदी त्यात इवलीशी मोटर बसवायची, झाकण लावायची आणि स्क्रू पिळायची. ठरलेला घट्टपणा आला की पाना हातात टक् करायचा, की पुढचा. मग कारखान्याच्या विजेवर पंप तपासला जायचा, आणि शेवटी तो दोन्या हानियांच्या, म्हणजे सगळ्यांत ज्येष्ठ हानियाबाईंच्या, हाती पडायचा. दोन्या बॅटरी बसवायच्या, बॅटरीच्या आड एक पिवळी प्लॅस्टिकची पट्टी सरकवायच्या, पट्टीचं टोक बाहेर ठेवायच्या आणि पंप चहूबाजूंनी असा न्याहाळायच्या की त्यालाच घाम फुटावा. पट्टी असली की बॅटरी वाटेत उतरत नाही. ती ओढून काढायची ती तिकडे, कुठल्या तरी गावच्या नर्सनं. म्हणजे पंप स्वतःच्या जिवावर चालायला लागायचा तो क्षण इथल्या कुणीच कधी पाहिला नव्हता. लग्न लावून दिलेल्या मुलीची ख्यालीखुशाली कधीच कळू नये, तसला प्रकार.

"बघितलं नाहीये," झेइदी शेवटी म्हणाली. पोरीशी खोटं बोलणं तिला जमत नसे. "पण कंदील मीच करणार. आणि तो मोडणार नाही."

"मोडला तर?"

"तर पुढच्या वर्षापासून आत्याचा कंदील. मी अवाक्षर काढणार नाही."

"शप्पथ?"

"शप्पथ."

बोलून बसली खरी, पण रात्रभर तिला ते लागून राहिलं. प्रश्न कंदिलाचा नव्हता. आपल्या हातून काही धड होतं यावरचा लेकीचा विश्वासच उडाला होता, आणि तो परत मिळवायला तिच्याकडे एकच संध्याकाळ होती. शिवाय शेजारी ग्रेत्तेल. ग्रेत्तेल म्हणजे झेइदीची नणंद, चर्चमधली फुलं, वाढदिवसांचे केक आणि गावातल्या सगळ्या कंदिलांची राणी. झेइदीचा नवरा वाल्तेर ट्रक घेऊन महिन्यातले बरेच दिवस पनामाच्या वाटेवर, त्यामुळे बहिणीला आवरणारं घरात कुणी नव्हतं. सकाळी कुंपणावरून तिनं विचारलंच.

"वहिनी, यंदा कुणाच्या बुटांचं खोकं?"

झेइदीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "यंदा तुझे डोळे दिपतील, बघत राहा," ती म्हणाली आणि बस पकडायला पळाली. हे दुसरं वचन पहिल्याहून मोठं होतं, हे तिला बसमध्ये बसल्यावर कळलं.

जेवणाच्या सुट्टीत तिनं सगळं सांगून टाकलं. ग्रेइविन इतका हसला की त्याच्या डब्यातला भात शेजारच्या टेबलावर गेला.

"नुसती काठी! अगं, काठी धरून मिरवणूक! त्या पोरीला पदक दिलं पाहिजे."

"हसतोयस काय, गाढवा! माझा जीव जातोय इथे."

दोन्या हानिया मात्र हसल्या नाहीत. त्या निवृत्तीला टेकल्या होत्या, आणि गेल्या कित्येक वर्षांत त्यांनी पास केलेला एकही पंप परत आला नव्हता, असं त्या स्वतःच सांगत. त्यांनी रुमालानं ओठ टिपले.

"त्या खोक्याला झाकण कसं लावलं होतंस?"

"गोंदानं."

"आणि तपासलं कुणी?"

"कुणी तपासायचं, दोन्या? बुटांचं खोकं होतं ते."

"मग पडणारच." दोन्यांनी डबा बंद केला. "रविवारी मी येते. ग्रेइविन, तू पण यायचंस. तुझी डाख द्यायची पेटी घेऊन ये."

"रविवारी माझा फुटबॉल असतो, दोन्या!"

"या रविवारी नाहीये," दोन्या म्हणाल्या, आणि नव्हताच.

रविवारी झेइदीच्या मागच्या अंगणात टेबल मांडलं गेलं. तव्यावर कोवळ्या मक्याची धिरडी, बाजूला वाडगाभर आंबट साय, किटलीत गुळाचं गरम पाणी. केइलिन एका खुर्चीवर गुडघे टेकून बसली होती, आणि तिला काय हवं ते तिनं आधीच ठरवलं होतं.

"टूकान पक्षी. मोठ्या चोचीचा. आणि पावसात भिजला तरी मेला नाही पाहिजे."

"गिऱ्हाईक कडक आहे," ग्रेइविन म्हणाला.

कामाला सुरुवात झाली आणि लगेच अडली. ग्रेइविन झेइदीच्या उजव्या हाताला बसला होता. तारा तिच्याकडे उजवीकडून यायला लागल्या आणि तिचे हात हट्टी घोड्यासारखे जागीच अडून बसले. कारखान्यात माल डावीकडून येतो. शेवटी सगळे उठले, डावीकडे ग्रेइविन, मध्ये झेइदी, उजवीकडे दोन्या असे बसले, आणि मग हात आपोआप चालायला लागले. दोन्यांनी तर केसांना जाळीसुद्धा बांधली. मक्याच्या धिरड्यासमोर जाळी! पण त्यांना कोण बोलणार?

टूकानचं पोट म्हणजे पांढऱ्या प्लॅस्टिकची बरणी. ग्रेइविननं आत बारीक दिव्यांची माळ सोडली, डाख दिला, स्वतःच्या पेटीतल्या बॅटरीला तारा टेकवून पाहिल्या. टूकान आतून सोन्यासारखा उजळला, आणि केइलिननं टाळ्या पिटल्या. मग झेइदीनं बरणीच्या बुडाला झाकण लावलं. पाणी शिरू नये म्हणून कडेनं रबर, त्यावर स्क्रू. स्क्रू दोन्यांनी स्वतः हार्डवेअरच्या दुकानात उभं राहून निवडून आणले होते: घरगुती पान्यानं न उघडणारे.

"हे कशाला, दोन्या?" झेइदीनं विचारलं.

"मुलं उघडून बघतात. उघडलं की संपलं."

शेवटी दोन्यांनी आपली बॅटरी झाकणातल्या कप्प्यात बसवली, कप्प्यावरही तसलाच स्क्रू पिळला, टूकान उलटापालटा करून, उजेडात धरून, कानाशी हलवून बघितला. वेळ गेला, धिरडी गार झाली.

"पास," त्या म्हणाल्या.

"मी चालू करून बघू?" केइलिननं पोटाखालच्या बटणाकडे हात नेला.

"अं हं! तपासून झालंय. पास झालेला माल पुन्हा चालू करायचा नाही, बॅटरी उतरते. मंगळवारी सहाला करायचा."

केइलिननं आईकडे बघितलं. आईनं मान डोलावली. दोन्यांनी पास म्हटल्यावर त्यापुढे अपील नव्हतं.

रंगीत कागद चिकटवायचं काम केइलिनचं. सोमवारी शाळेतून आल्यावर तिनं काळे पंख लावले, पिवळी चोच लावली, छातीवर लाल पट्टा लावला. संध्याकाळी झेइदी कामावरून आली तेव्हा टूकान टेबलावर रुबाबात उभा होता, आणि मागे त्याला निळ्या-हिरव्या कागदाचं झुबकेदार शेपूटही होतं.

"शेपूट कसं बसवलंस गं इतकं छान?"

"मागे एक लांबट टोक आलेलंच होतं ना, त्यालाच चिकटवलं. तुम्ही शेपटासाठीच ठेवलं होतं ना ते?"

"हो हो," झेइदी म्हणाली. ती पोरीच्या गोंदानं माखलेल्या बोटांकडे कौतुकानं बघत होती आणि तिला टोकबिक काही ऐकूच आलं नाही. रोज डोळ्यांसमोरून शेकड्यानं जाणारी वस्तू माणसाला घरी कशी दिसावी?

मंगळवारी दुपारी नेहमीप्रमाणे आभाळ फाटल्यासारखा पाऊस पडला आणि पाचच्या सुमाराला थांबला. रस्ते धुऊन निघाले. चौकात पोरांची झुंबड, आयांची लगबग, कुणाचे बैलगाडीच्या चाकाचे कंदील, कुणाचे कौलारू घराचे. ग्रेत्तेलनं आपल्या लेकासाठी दोन मनोऱ्यांचं अख्खं चर्च केलं होतं, आत घंटासुद्धा. दोन्या हानिया छत्री टेकत आल्या, केसांना नेमकं आजच छान वळण दिलेलं. ग्रेइविन फुटबॉलचा सदरा घालून आला. मास्कशिवाय दोघांचे चेहरे भर चौकात बघताना झेइदीला जरा चुकल्यासारखंच वाटलं.

"अगं बाई, टूकान!" ग्रेत्तेल वाकून बघायला लागली. "छान आहे हो. बघू, पेटव."

केइलिननं बटण दाबलं.

काही झालं नाही.

तिनं परत दाबलं. परत. टूकान काळाकुट्ट. आसपासचे कंदील एकेक करून पेटत होते, आणि चर्चसमोरच्या कर्ण्यातून रेडिओवरचा माणूस सहाला थोडाच वेळ उरल्याचं सांगत होता.

झेइदी ओरडली. "ग्रेइविन!"

"माझा डाख पक्का आहे! सगळ्यांनी बघितलंय, पेटला होता!"

"मग उघड ना!"

"कशानं उघडू? दोन्यांचे ते स्क्रू! त्याचा पाना घरी पेटीत आहे."

दोन्या हानियांचा चेहरा पांढराफटक पडला होता. "मी पास केला होता," त्या एवढंच म्हणाल्या, आणि टूकान हातात घेऊन कानाशी हलवायला लागल्या. इतक्या वर्षांत त्यांच्याकडे परत आलेला हा पहिलाच माल, आणि तोही भर चौकात.

"जाऊ दे, वहिनी," ग्रेत्तेल म्हणाली. तिच्या आवाजात टोमणा नव्हता, खरीच कीव होती, आणि ती जास्त झोंबली. "माझ्या पिशवीत एक जादा कंदील आहे. साधाच आहे, तारेचा. केइलिनला देऊ?"

केइलिननं आत्याकडे बघितलं नाही. ती आईकडे बघत होती. अगदी शांतपणे, गेल्या वर्षी काठी दाराआड ठेवताना होती तशी. झेइदीला वाटलं, आत्ता ही पोर रागावली, किंचाळली, पाय आपटले, तरी मी तिचे पाय धरीन.

"आई," केइलिन म्हणाली, "तुमची दवाखान्यातली यंत्रंपण अशीच असतात?"

"नाही!" झेइदी इतक्या जोरात म्हणाली की शेजारचं पोर दचकलं. "ती चालतात. आम्ही काय वाटेल ते पाठवत नाही!"

"मग तिथे ती कशी चालू होतात?"

"कशी म्हणजे? नर्स खोकं उघडते, पंप बाहेर काढते, मग ती पिवळी—"

झेइदी झटकन वळली. तिनं दोन्या हानियांकडे बघितलं. दोन्यांनी टूकान सावकाश उलटा केला, त्या झुबकेदार निळ्या-हिरव्या शेपटाकडे बघितलं, आणि त्यांचा हात छातीवर गेला.

"अरे देवा," दोन्या पुटपुटल्या. "मी पट्टी घातली."

"तुम्ही पट्टी घातली?" ग्रेइविन ओरडला. "कंदिलाला?"

"बॅटरी घातली की पट्टी घालायची! हातच घालतो, मी नाही घालत!"

झेइदी ओल्या रस्त्यावर गुडघ्यांवर बसली आणि टूकान लेकीपुढे धरला. "केइलिन, शेपूट ओढ."

"काय?"

"शेपूट ओढ. जोरात. पार बाहेर येईपर्यंत."

केइलिननं दोन्ही हात मागे घेतले. "नाही. मी लावलंय ते. फाटेल. मग पेटणार पण नाही आणि शेपूट पण नसेल."

झेइदीचा हात शेपटाकडे गेला आणि तिनं तो मागे घेतला. तिनं स्वतः ओढलं असतं तर क्षणात झालं असतं. पण त्या पोरीनं सगळ्या टूकानात स्वतःच्या डोक्यानं लावलेली एकच वस्तू ती, आणि तीच आई उपटायला सांगत होती, भर चौकात, आत्यासमोर, आणि तीही गेल्या वर्षी जिच्या कंदिलाचा लगदा झाला ती आई.

"पेटेल," झेइदी म्हणाली. "त्याचं झाकण मी लावलंय, मला माहीत आहे. तू ओढ, केइलिन."

केइलिननं आईच्या चेहऱ्याकडे नीट बघून घेतलं. दोन्या हानिया पंप न्याहाळायच्या, अगदी तसं. मग तिनं शेपूट मुठीत धरलं, डोळे घट्ट मिटले आणि ओढलं.

सर्रकन पट्टी बाहेर आली, शेपटासकट. आणि टूकान पेटला. पोट, छाती, चोचीचं मूळ, सगळं एकदम. केइलिनच्या बंद पापण्यांवर पिवळा उजेड पडला, तिनं डोळे उघडले, आणि तिच्या तोंडून असा काही चीत्कार निघाला की चौकातली अर्धी माणसं वळून बघायला लागली.

तेवढ्यात कर्ण्यातून राष्ट्रगीत सुरू झालं. सगळे ताठ उभे राहिले. झेइदी उठली, पण तिला एक ओळ धड म्हणता येईना. ती रडत होती आणि हसत होती, दोन्ही मनापासून. कुठे कुठे, ठाऊक नसलेल्या गावांत, ठाऊक नसलेल्या बायका रोज ही पट्टी ओढत असतील आणि रोज हे असं होत असेल, हे तिला आज पहिल्यांदाच डोळ्यांनी दिसलं होतं. बाजूला दोन्या हानिया छत्री छातीशी धरून खणखणीत आवाजात गात होत्या आणि वळण दिलेले केस विस्कटले तरी त्यांना पर्वा नव्हती.

मिरवणूक निघाली. चर्चच्या कोपऱ्यावर पुन्हा पावसाची सर आली. दोन मनोऱ्यांच्या चर्चचा एक मनोरा कलंडला, बैलगाडीच्या चाकांचे कागद लोंबायला लागले, आया छत्र्या घेऊन धावल्या. बिनशेपटाचा टूकान मात्र धो धो पाण्यात दिमाखानं पुढे चालला होता, आणि त्याच्या उजेडात पाच-सहा पोरं गोळा झाली होती. ग्रेत्तेलचा लेकही त्यांत होता.

"टूकानला शेपूट का नाही?" त्यानं विचारलं.

"होतं. ओढलं," केइलिननं दुसऱ्या मुठीतलं भिजलेलं शेपूट दाखवलं. "ओढलं की पेटतो. माझ्या आईच्या कारखान्यात सगळ्यांना असतं."

मागे चालणारी ग्रेत्तेल हसायला लागली. एका हातात कलंडलेला मनोरा सावरत तिनं विचारलं, "केइलिन, तुझी आई कारखान्यात नक्की करते तरी काय गं? स्क्रूच पिळते ना?"

झेइदी दोन पावलं मागेच होती. तिचे कान टवकारले.

केइलिननं वळूनसुद्धा बघितलं नाही. "नाही, आत्या," ती म्हणाली. "आई अशा वस्तू करते, ज्या ती जवळ नसली तरी चालतात."

घरी आल्यावर तिनं काठी दाराआड ठेवली. टूकान काठीलाच होता आणि अजून पेटलेला होता, कारण तो बंद करायला ती काही केल्या तयार होईना.